तिचं 'सॉरी' आणि तुमचं 'इट्स ओके'

ताई, मी मिरजेची. वय ६३. मुलगा मेलबर्नला असतो, सून तिकडचीच आहे. स्वभावाने गोड आहे, मला 'आई' म्हणते. गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आल्या आल्या म्हणाली, "आई, आय ॲम सो सॉरी." मला वाटलं, इतक्या उशिरा फोन केला म्हणून माफी मागतेय. मी आपली म्हटलं, "इट्स ओके, इट्स ओके, नॉट युवर फॉल्ट." ती एकदम गप्प झाली. मग मुलाने फोन घेतला आणि विषय बदलला. ती सांत्वन करत होती हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हापासून मला इतकी लाज वाटतेय की तिचा फोन आला तरी मी दोन शब्द बोलून ह्यांच्याकडे देते. हे म्हणतात, "तुला कुणी सांगितलं होतं इंग्रजी झाडायला?" तिची काही चूक नसताना ती सॉरी का म्हणाली? आणि आता मी तिला सॉरी म्हणू का? तसं ती उठसूट सॉरी म्हणत असते. मी काही बोलले की "सॉरी?" म्हणते. मी "इट्स ओके" म्हणते, की पुन्हा "सॉरी?". एकदा तर असं चार वेळा झालं. माझ्या बहिणीने तिला लग्नात हाताने शिवलेली गोधडी दिली होती, ती अजून तिच्या सोफ्यावर दिसते. म्हणून जास्त वाईट वाटतं.
– एक सासू, मिरज

मिरजेच्या ताई,

आई गेल्यावर थोरली बहीण हेच माहेर असतं. तुमची बहीण गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं.

आता बघा, हे वाक्य वाचून "असू दे, तुमची काय चूक त्यात?" असं तुमच्या मनात आलं का? नाही ना? सून तेवढंच म्हणाली होती. 'मला फार वाईट वाटलं', एवढंच. ती मराठीत म्हणाली असती तर तुम्ही पदर डोळ्याला लावला असता आणि बहिणीचं शेवटचं आजारपण सांगायला लागला असता. ती इंग्रजीत म्हणाली आणि तुम्ही तिला निर्दोष सोडून दिलंत.

लाज वाटत असेल तर थोडी माझ्याकडे द्या, कारण हा घोळ आमच्यासारख्यांनीच घातलाय. मी २८ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पाचवीच्या वर्गात बाकावरून कोणी कोणाला ढकललं की मी दोघांना उभं करायची. ढकलणाऱ्याने "सॉरी" म्हणायचं, पडणाऱ्याने "इट्स ओके" म्हणायचं, आणि दोघांनी खाली बसायचं. चेंडू आणि बॅट असावेत तशी ही जोडी मुलांच्या डोक्यात पक्की बसली. दहावीला पत्रलेखनात 'तुझे आजोबा गेल्याचं ऐकून आय ॲम सॉरी' असं वाक्य फळ्यावर लिहून द्यायची, तेव्हा एका मुलाने विचारलं होतं, "बाई, याने मारलं काय आजोबांना?" वर्ग हसला आणि मी त्याला गप्प बसवलं. वास्तविक त्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. तुम्हीही तोच विचारताय, तर आता त्याचं नीट उत्तर देते.

'सॉरी' हा शब्द मुळात माफीचा नाहीच, तो दुखण्याचा आहे. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, जखम. त्यावरून 'सारिग', म्हणजे ज्याला दुखतंय, ज्याचं मन व्यथित आहे असा माणूस. त्या काळचे कितीतरी 'आ' पुढे 'ओ' झाले. 'स्तान'चा 'स्टोन' झाला, 'हाम'चा 'होम' झाला, तसा 'सार'चा 'सोअर' झाला. घसा धरला की डॉक्टर 'सोअर थ्रोट' म्हणतात ना, तोच हा सोअर. आणि 'सारिग' घासत घासत झाला 'सॉरी'. म्हणजे तुमच्या सुनेच्या तोंडचा शब्द आणि डॉक्टरांच्या कागदावरचा शब्द सख्खी भावंडं आहेत. तिच्या वाक्याचं हाडामांसाचं भाषांतर करायचं तर 'आई, मला फार दुखतंय' असं होईल.

गंमत अशी की 'सॉरो', म्हणजे शोक, हा शब्द 'सॉरी'च्या घरातला वाटतो, पण तो आडनावबंधू निघतो. आपल्याकडे दोन पाटील भेटले की गाव विचारल्यावर कळतं, नातं काहीच नाही. तसंच हे. 'सॉरो'चं मूळ निराळं आहे. जर्मनमधलं 'झोर्ग', म्हणजे काळजी, हे त्याचं भावकीतलं. पण शेजारी राहून राहून 'सॉरी'च्या उच्चारावर 'सॉरो'ची छाप पडली आणि अर्थही जवळ आले. 'सोअर'चा एक खरा नातेवाईक मात्र जर्मनमध्ये भेटतो. 'झेअर' म्हणजे 'खूप'. दुखण्याचा शब्द 'खूप' या अर्थाला कसा पोचला असं वाटेल, पण आपण तरी काय करतो? 'भयंकर गोड आहे हो तुमची नात' म्हणतोच की.

मग दुखण्याचा शब्द चुकीच्या कबुलीकडे कसा गेला? सरळ वाटेने गेला. माझा पाय तुमच्या पायावर पडला, तुम्ही कळवळलात, मी म्हटलं, "मला वाईट वाटलं." पाय माझाच होता, त्यामुळे या वाईट वाटण्यात कबुली आपोआप आली. असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत गेलं की शब्दाला कबुलीचा वास लागतो. आपल्याकडे हा शब्द मात्र उलट्या दाराने आला. शाळा, ऑफिस, बसमधला धक्का या वाटेने आपल्याला फक्त कबुलीचं सॉरी मिळालं, दुखण्याचं मिळालंच नाही. तिसरा एक अर्थही आहे, केविलवाणं, दीनवाणं. 'त्याने अगदी सॉरी फिगर कट केली' असं इंग्रजी पेपरात वाचलं असेल. तिथे तर माफीचा सुतराम संबंध नाही.

आपल्या भाषेत ही कामं वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतलीत, आणि त्यातला एक शब्द तर सॉरीचा जुळा भाऊ शोभावा. 'दिलगीर'. फारसीतला. दिल म्हणजे हृदय आणि गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. जहांगीरमध्ये जग पकडलंय, दिलगीरमध्ये हृदय पकडलं गेलंय. जुन्या मराठीत दिलगीर म्हणजे निव्वळ खिन्न, दुःखी. आता पेपरवाले चुकीचा फोटो छापला की 'आम्ही दिलगीर आहोत' लिहितात. म्हणजे सॉरी ज्या वाटेने चालला, त्याच वाटेने दिलगीरही चालला, कोणी कोणाला न विचारता. पुढाऱ्यांना हा शब्द फार आवडतो. 'माफी मागितली नाही, दिलगिरी व्यक्त केली' असा मथळा आला की समजायचं, हृदय धरलं गेलंय पण मान काही झुकलेली नाही.

कारण 'माफी'चं काम वेगळं. हा शब्द अरबीतून आला, देणं सोडून देण्याचा अर्थ घेऊन. शेतसारा माफ, फी माफ, कर्जमाफी. माफी मागायची तर समोर सोडणारा लागतो आणि डोक्यावर काही देणं लागतं. इंग्रजीतलं 'पार्डन' याच जातीचं. त्याच्या पोटात लॅटिनचं 'देऊन टाकणं' आहे आणि ते आपल्या 'दान' शब्दाचं लांबचं नातलग. 'क्षमा' आणखी निराळी. तिचं मूळ सहन करण्यात आहे, म्हणून तर क्षमता आणि सक्षम हे तिच्याच घरातले. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, सगळ्यांचं ओझं सोसते म्हणून.

म्हणजे माफीला देणारा लागतो, क्षमेला सोसणारा लागतो. सॉरीला मुळात कोणीच लागत नाही. दुखणारं माणूस एकटंही सॉरी असू शकतं. तुमची सून त्या दिवशी तशी होती. तुमच्याकडून तिला काही सोडवून घ्यायचं नव्हतं, आणि तुम्ही "सोडलं" म्हणालात.

तुमच्या ह्यांना मात्र सांगा, या शब्दावर तुम्ही एकट्याच अडखळलेल्या नाही. १ एप्रिल २००१ला चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळली. चिनी वैमानिक गेला. मोडकं अमेरिकी विमान परवानगीविना बेटावर उतरलं आणि त्यातली २४ माणसं चीनने ताब्यात घेतली. चीन म्हणे माफी मागा, अमेरिका म्हणे आमची चूक नाही. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकी राजदूताचं पत्र गेलं. त्यात 'व्हेरी सॉरी' दोनदा होतं, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीविना उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, बघा, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं. दोघंही त्याच शब्दाकडे बोट दाखवत होते आणि शब्दकोशाच्या हिशेबाने दोघंही खोटं बोलत नव्हते. माणसं सुटून घरी गेली. परराष्ट्र खात्यातले लोक जिथे अकरा दिवस घासाघीस करत होते, तिथे तुम्ही अर्ध्या सेकंदात उत्तर दिलंत. हुकलं तर हुकलं.

आणि सून ऑस्ट्रेलियातली आहे म्हणून आणखी एक सांगते. या शब्दाचं वजन त्या देशाने जितकं अनुभवलंय तितकं फार थोड्यांनी अनुभवलं असेल. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने आणि मिशनऱ्यांनी आयांच्या कुशीतून नेली. साधारण १९१० ते १९७० अशी साठ वर्षं हे चाललं. त्याचा चौकशी अहवाल २६ मे १९९७ला संसदेत आला. दुसऱ्या वर्षापासून २६ मे हा 'सॉरी डे' म्हणून पाळला जातो. पण सरकार काही तो शब्द उच्चारेना. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९मध्ये संसदेत ठराव आणला, त्यात 'मनापासून खेद' होता, सॉरी नव्हतं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून सुमारे अडीच लाख माणसं चालत गेली आणि वर आभाळात एका विमानाने धुराने 'सॉरी' लिहिलं. शेवटी १३ फेब्रुवारी २००८ला नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी कॅनबेराच्या संसदेत "वी से सॉरी" म्हटलं. लोक मैदानांत मोठ्या पडद्यांसमोर उभे राहून ऐकत होते, रडत होते. एवढ्याशा शब्दासाठी दहा वर्षं.

याहून आत शिरणारी गोष्ट तिथल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत आहे. घरात कोणी गेलं की जे काही दिवस पाळतात, माणसं लांबून येऊन बसतात, विधी करतात, त्याला ते 'सॉरी बिझनेस' म्हणतात. 'तो सॉरी बिझनेसला गेलाय' म्हणजे आपल्याकडे 'तो मातीला गेलाय'. पुष्कळ ठिकाणी गेलेल्या माणसाचं नावसुद्धा काही काळ घेत नाहीत. चूक, माफी, कबुली यातलं तिथे काही नाही, निव्वळ दुखवटा आहे. आणि 'दुखवटा' शब्द तरी कुठून आला? दुखण्यावरूनच ना? हजार वर्षांपूर्वीचा तो 'सार' तिथे अजून जसाच्या तसा जिवंत आहे.

आता तुमच्या मनातला खरा सल कुठे आहे ते सांगते. मला तो इंग्रजीत वाटत नाही. आपल्याकडे समाचाराला येणारं माणूस काही म्हणतच नाही. येतं, चपला काढतं, सतरंजीवर बसतं. मग हळूच विचारतं, "कसं झालं?" आणि आपण सांगतो. दवाखान्यात कधी नेलं, शेवटचं कोण होतं जवळ, चहा मागितला होता पण घोटभरच घेतला. दुसरं माणूस येतं, त्यालाही पहिल्यापासून सांगतो. दहा दिवसांत तीच कहाणी चाळीसदा सांगून होते आणि सांगता सांगता आपलं आपल्याला पटतं की माणूस गेलं. मग आलेलं माणूस उठतं आणि 'येते' न म्हणता निघून जातं. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकू रोज दुपारी यायच्या आणि आमच्याच घरातली डाळ सुपात घेऊन निवडत बसायच्या. तेरा दिवसांत त्या मला काय म्हणाल्या ते विचाराल तर एक वाक्य आठवत नाही. निवडलेली डाळ मात्र पुढे महिनाभर पुरली.

सुनेला हे कुठून ठाऊक असणार? आणि पडद्यातून डाळ निवडता येत नाही. तिच्या रीतीप्रमाणे आधी एक वाक्य म्हणायचं असतं, त्यावर समोरच्याने "थँक यू" म्हणायचं, आणि तिथून बोलणं सुरू व्हायचं. ती दार उघडून उभी होती. तुम्ही "काही नाही, काही नाही" म्हणून ते लोटून घेतलंत, अगदी प्रेमाने. तिला बहुधा वाटलं असेल, आईंना या विषयावर बोलायचं नाही. त्यानंतर तुम्ही दोन शब्दांत फोन ह्यांच्याकडे द्यायला लागलात, म्हणजे तिची खात्रीच झाली असेल. त्या एका चुकलेल्या वाक्यापेक्षा हे महिनाभराचं फोन सरकवणं तिला जास्त टोचत असणार. चिरंजीवांचाही माझ्यातर्फे एक कान पिळा. दोन्ही भाषा येणारं घरात तेच एक माणूस, आणि त्याने विषय बदलला! "आई, ती मावशीबद्दल म्हणतेय" एवढं बोलायला काय लागत होतं?

सॉरी म्हणू का, असं विचारलंत. माझं मत, नको. तुमचं सॉरी ऐकून ती म्हणेल, "नो नो, आय ॲम सॉरी," मग तुम्ही म्हणाल, "इट्स ओके," आणि पुन्हा चाराचा फेरा सुरू. तो प्रसंग उकरून समजावूनही सांगू नका. तो पुढे कधीतरी दोघी मिळून हसायला राखून ठेवा.

गोधडीचं विचारा. मला तुमच्या पत्रात सगळ्यात भावलं ते तेच. रविवारी सकाळी साडेआठ-नऊला फोन लावा. मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असतं, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच, म्हणजे ती जेवून निवांत असेल. तिला म्हणा, ती गोधडी कॅमेऱ्यासमोर धर. मग एकेक तुकडा ओळखून सांगा. हे आईचं लुगडं, हे माझ्या डोहाळजेवणाचं पातळ, हा तुझ्या नवऱ्याचा लहानपणीचा सदरा. बहिणीने टाके कुठे दाट घातलेत, कुठे दोरा संपला म्हणून रंग बदललाय, ते दाखवा. मराठीतच सांगा, मुलाला शेजारी बसवा आणि त्याला भाषांतराचं काम लावा, तेवढी शिक्षा त्याला हवीच. मध्येच तुमचा गळा भरून आला तर येऊ दे. तेव्हा ती पुन्हा म्हणेल, "आय ॲम सो सॉरी." तुम्ही "थँक यू, बाळ" म्हणा आणि पुढचा तुकडा दाखवायला सांगा.

तो दुसरा 'सॉरी?' राहिला, शेवटी सूर वर जाणारा. ते माफी मागणं नाही, दुखणंही नाही. 'काय म्हणालात, ऐकू नाही आलं' याचं ते सभ्य रूप आहे. म्हणजे ती चार वेळा विचारत होती आणि तुम्ही चार वेळा माफ करत होतात. आता तिने सूर वर नेला की 'इट्स ओके' गिळा आणि आपलं वाक्य पुन्हा म्हणा, जरा सावकाश.